चौथी भिंत : घरच्या गॅरेजची चोरांपासून राखण कशी करावी

'गॅरेज' म्हटले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गाड्या दुरुस्त करण्याची जागा येते. येथे मात्र विचार करायचा आहे तो बंगल्याला किंवा रो-हाउसला लागून, मोटार आणि दुचाकी ठेवण्यासाठी बांधलेल्या खोलीचा. २०१६ च्या रेरा कायद्यात, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात, गॅरेजची व्याख्या करताना छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली वाहन ठेवण्याची जागा, असे म्हटले आहे. चौथ्या बाजूबद्दल ती व्याख्या काही सांगत नाही आणि घरमालकाची चिंता तेथूनच सुरू होते. कारण तीन बाजूंना नऊ इंची विटांची भिंत बांधणारा माणूस चौथ्या बाजूला जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे शटर लावतो, त्याच्या कोयंड्याला एक कुलूप अडकवतो आणि आपले घर बंदिस्त झाले असे समजतो.

आमचे गॅरेज काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत फोडले गेले. इन्व्हर्टरची बॅटरी, ड्रिल मशीन आणि मुलाची सायकल गेली, त्याचे वाईट वाटले. पण त्याहून मनाला लागले ते असे की, चोरट्यांनी आमचीच पहार आणि आमचीच शिडी घेऊन मागच्या गॅलरीचा दरवाजा उचकटण्याचा प्रयत्न केला होता. दरवाजाच्या चौकटीवर पहारेचे व्रण अजूनही आहेत. त्या दिवसापासून मी गॅरेजकडे अडगळीची खोली म्हणून पाहणे सोडून दिले. ते घराचेच एक दार आहे आणि बहुतेक घरांत ते सर्वांत दुबळे दार असते. पुढे जे लिहिले आहे ते त्यानंतर शटरवाले, वेल्डर आणि कुलपांचे दुकानदार यांच्याकडून समजून घेतलेले आणि बहुतांशी स्वतःच्या घरी करून पाहिलेले आहे.

पाहणी रात्री करावी

काहीही विकत आणण्यापूर्वी एका रात्री, नेहमीचे दिवे जसे असतात तसेच ठेवून, फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहावे आणि तेथून आपल्या गॅरेजकडे पाहावे. शटरसमोर बसलेला माणूस शेजाऱ्यांच्या खिडकीतून दिसेल का? कुंपणावरची मेंदी किंवा बोगनवेल त्याला आडोसा देते का? पाण्याच्या टाकीवर, मीटरच्या पेटीवर किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटवर पाय देऊन छतावर जाता येते का? या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. घरफोडी करणाऱ्याकडे हत्यारे असतातच, त्यामुळे कोणतेही शटर आणि कोणतेही कुलूप त्याला कायमचे अडवू शकत नाही, हे आधी मान्य करावे. त्याच्याकडे नसतो तो वेळ आणि त्याला परवडत नाही तो आवाज. म्हणून प्रत्येक उपायाला एकच कसोटी लावावी : याने चोराला आणखी किती मिनिटे लागतील आणि किती आवाज करावा लागेल?

शटर

वर्तमानपत्रांत 'शटर उचकटून चोरी' हे शब्द आपण नेहमी वाचतो. पण उचकटणे म्हणजे नेमके काय, हे समजल्याशिवाय त्यावर उपाय करता येत नाही. शटर म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या पोलादी पट्ट्यांचा पडदा. त्याच्या दोन्ही कडा उभ्या गाईडमध्ये, म्हणजे बाजूच्या लोखंडी खाचांत, सरकतात, वरच्या पाइपावर तो गुंडाळला जातो आणि पाइपातल्या स्प्रिंगा त्याचे वजन तोलून धरतात. सर्वांत खाली जाड बॉटम प्लेट असते आणि कुलपे तिच्या डाव्या-उजव्या टोकांना असतात. चोरटे त्या कुलपांच्या वाटेला पुष्कळदा जातच नाहीत. ते बॉटम प्लेटच्या मधोमध पहार, कटावणी किंवा मोटारीचा जॅक घालतात आणि मधला भाग वर वाकवतात. दोन्ही टोकांची कुलपे जशीच्या तशी राहतात, आणि दीड-दोन फुटांची फट पडली की सडपातळ माणूस सरपटत आत जातो. शटर जितके रुंद, तितका त्याचा मधला भाग सैल. दोन मोटारींसाठी एकच मोठे शटर असेल तर हा धोका सर्वांत जास्त असतो.

म्हणून ज्यांना एकच काम करायचे आहे त्यांनी शटर मध्यभागी जमिनीशी बांधावे. बॉटम प्लेटच्या मधोमध आतल्या बाजूने जाड लोखंडी कडे वेल्ड करून घ्यावे आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीत यू आकाराचे दुसरे कडे काँक्रीटमध्ये रोवावे. हे कडे टाइलवर नुसते स्क्रूने बसवण्याची चूक अनेक जण करतात. टाइल फुटते आणि स्क्रू हातात येतो. टाइल कापून खालच्या काँक्रीटपर्यंत जावे, कड्याचे पाय निदान चार इंच आत जातील असा खड्डा घ्यावा, पायांची टोके बाहेर वाकवावीत आणि सिमेंट पुरेसे कडक होईपर्यंत, म्हणजे आठवडाभर तरी, त्यावर जोर देऊ नये. मोटारीचे चाक किंवा माणसाचा पाय अडखळू नये म्हणून कडे छोट्या खळग्यात बसवून त्यावर पत्र्याचे झाकण ठेवता येते. मात्र पावसाळ्यात त्या खळग्यात पाणी साचून कडे गंजते, म्हणून पाणी जाण्यासाठी बाजूला एक बारीक उतार काढावा.

ज्या गॅरेजमधून घरात जाण्यास दार आहे, त्यांना आणखी एक सोय आहे आणि ती फारसे कोणी वापरत नाही. शटरला बाहेरून कुलूप लावण्याची गरजच नसते. बॉटम प्लेटच्या दोन्ही टोकांना आतल्या बाजूने सरकत्या कड्या बसवून त्या गाईडला पाडलेल्या भोकांत जातील असे करावे, त्यांना आणि मधल्या कड्याला आतून कुलपे लावावीत आणि आपण घरातून बाहेर पडावे. बाहेर उभ्या असलेल्या चोराला कापण्यासाठी कुलूपच दिसत नाही, आणि घरातली माणसे गावाला गेली आहेत की आत झोपली आहेत हेही कळत नाही. बाहेर लटकणारे मोठे कुलूप 'घरात कोणी नाही' अशी पाटीच लावून ठेवते.

नवे शटर करून घ्यायचे असल्यास पत्र्याची जाडी विचारावी आणि स्वतः मोजावी. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८ गेजचा पत्रा सुमारे १.२ मिलिमीटर जाड असतो, तर २२ गेजचा सुमारे ०.७ मिलिमीटर, दरात थोडा फरक दिसला म्हणून २२ गेज घेतले तर शटर जवळजवळ निम्म्या जाडीचे झाले. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत रोलिंग शटरसाठी ८० मिलिमीटर रुंदीच्या आणि १.२५ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या धरल्या आहेत, तेवढी अपेक्षा घरच्या शटरकडूनही ठेवावी. पट्ट्या बाजूला सरकून गाईडमधून निसटू नयेत म्हणून त्यांच्या टोकांना एंड लॉक बसवलेले असतात, ते कारागिराकडून दाखवून घ्यावेत. शटरची पेटी आणि ब्रॅकेट शक्यतो भिंतीच्या आतल्या बाजूस बसवावे. ते बाहेर असतील तर बाहेरून हाताला येणाऱ्या प्रत्येक नटाला वेल्डिंगचा एक टाका मारून घ्यावा, म्हणजे पान्याने तो फिरणार नाही.

काही जुन्या बंगल्यांत शटरऐवजी लोखंडी दुपाखी दरवाजा असतो. त्याच्या बिजागऱ्यांच्या पिना बाहेरच्या बाजूस असतील तर कुलपाला हात न लावता दरवाजा उचलून काढता येतो. पिनेच्या वरच्या टोकाला वेल्डिंग करावे आणि एका पाखाची खिटी जमिनीत निदान दोन इंच उतरते आहे याची खात्री करावी.

मोटर लावलेल्या शटरचे थोडे वेगळे असते. स्वस्त रिमोट दर वेळी एकच संकेत पाठवतात आणि तो संकेत पकडून दुसरा रिमोट बनवता येतो. म्हणून खरेदीच्या वेळी दर वेळी संकेत बदलणारा, म्हणजे रोलिंग कोडचा रिमोट आहे का, असे स्पष्ट विचारावे. वीज गेल्यावर शटर हाताने उघडण्याची साखळी किंवा हँडल बाहेरून पोहोचेल अशा जागी नसावे. गावाला जाताना मोटरचा वीजपुरवठा घरातल्या बोर्डावरून बंद करावा आणि मधले कुलूप लावावे, आणि परत आल्यावर ते काढल्याशिवाय बटण दाबू नये, नाही तर मोटर जळेल. रिमोट मोटारीच्या काचेजवळ अडकवून ठेवण्याची सवय घातक आहे, कारण रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारीची काच फुटली तर घराची किल्लीही गेली.

कुलूप आणि कोयंडा

बातमीत पुष्कळदा 'कडी-कोयंडा तोडून' असे लिहिलेले असते आणि ते शब्द नीट वाचण्यासारखे आहेत : तुटलेला असतो कोयंडा. मोठ्या किमतीचे कुलूप आणून ते पातळ पट्टीच्या, दोन लाकडी स्क्रूंवर उभ्या असलेल्या कोयंड्यात अडकवले, तर कटावणीच्या एका हिसक्यात कुलपासकट कोयंडा निघतो. कोयंडा निदान पाच-सहा मिलिमीटर जाड असावा. लोखंडावर तो वेल्ड करावा आणि लाकडावर बसवायचा असल्यास आरपार बोल्ट घालून, बोल्टाचे गोल डोके बाहेर आणि नट आत, असा बसवावा.

कुलूप घेताना दुकानदार लिव्हरची, म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या आतल्या पट्ट्यांची, संख्या सांगतो. लिव्हर जास्त असले की दुसऱ्या किल्लीने किंवा तारेने कुलूप उघडणे अवघड होते हे खरे आहे, पण गॅरेजवर येणारा चोर तार घेऊन बसत नाही. तो दांडा कापतो किंवा पिळून तोडतो. त्यामुळे दांड्याकडे आधी पाहावे. तो कठीण केलेल्या पोलादाचा, म्हणजे हार्डन्ड असावा, दहा मिलिमीटरच्या आसपास जाड असावा आणि कुलूप लावल्यावर कोयंडा व कुलूप यांच्यात कटावणीचे टोक जाईल एवढी जागा उरू नये. ज्याचा दांडा जवळजवळ पूर्ण झाकलेला असतो असे चकतीसारखे गोल कुलूप यासाठी चांगले. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने साधे लोखंडी कुलूप एका पावसाळ्यात गंजून घट्ट बसते, तेथे पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावे. कुलपात खोबरेल तेल सोडण्याची आपली जुनी सवय सोडून द्यावी. तेलावर धूळ बसून आतले भाग अडकतात, त्याऐवजी ग्राफाइटची पूड वापरावी.

किल्ली कुंडीखाली, मीटरच्या पेटीत किंवा चपलांच्या कपाटात ठेवू नये. या जागा घरच्यांइतक्याच चोरांनाही पाठ असतात. जादा किल्ली विश्वासू शेजाऱ्यांकडे किंवा गावातच राहणाऱ्या नातेवाइकांकडे असावी.

गॅरेजमधून घरात जाणारे दार

मला विचाराल तर शटरनंतर सर्वांत जास्त लक्ष या दाराकडे द्यावे. घराच्या पुढच्या दाराला सागवानी फळ्या, सेफ्टी डोअर आणि तीन कुलपे असतात, आणि गॅरेजमधून स्वयंपाकघरात उघडणाऱ्या दाराला मात्र साधा पोकळ फ्लश डोअर आणि एक छोटी कडी असते, कारण 'बाहेर शटर आहेच' असे आपण समजतो. चोर एकदा गॅरेजमध्ये शिरून त्याने शटर पुन्हा खाली ओढले, की तो रस्त्यावरून दिसेनासा होतो. त्याच्या हाताशी आपलीच हत्यारे असतात आणि हवा तेवढा वेळ मिळतो. वेळ आणि आवाज करण्याची मोकळीक या ज्या दोन गोष्टी बाहेर चोराला मिळत नव्हत्या, त्या दोन्ही त्याला येथे मिळतात. म्हणून हे दार पुढच्या दाराइतकेच भक्कम असायला हवे : भरीव फळीचे, लोखंडी होल्डफास्टने भिंतीत घट्ट धरलेल्या चौकटीचे, आणि नुसत्या लॅचऐवजी पोलादी जीभ चौकटीत खोल जाणाऱ्या मॉर्टिस लॉकचे. दाराशेजारी काचेची पट्टी किंवा खिडकी असेल तर तिला आतून जाळी बसवावी, नाही तर काच फोडून हात आत घालून कडी काढता येते.

जुन्या वाड्यांत दिंडी दरवाजामागे अडसर असे. भिंतीतल्या खोबणीतून तो जाड लाकडी वासा ओढला की दाराच्या पूर्ण रुंदीवर आडवा बसायचा, आणि बाहेरून कितीही धडक मारली तरी सगळा भार दोन्ही भिंतींवर जायचा. हीच रचना आजही करता येते. चौकटीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत लोखंडी कोंदणे पक्की करून त्यांत दीड इंची चौकोनी पाइप आडवा टाकावा; सुतार आणि वेल्डर मिळून हे काम एका दिवसात करतात आणि माझ्या मते एवढ्या पैशांत एवढे संरक्षण दुसरे कोणतेही साधन देत नाही. एक काळजी मात्र अवश्य घ्यावी : अडसर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांनाही सहज काढता यावा, कारण आग लागली तर हेच दार सुटकेचे असू शकते.

झरोके आणि पत्रे

गॅरेजच्या झरोक्यांना काचेच्या आडव्या पट्ट्या असतील तर त्यांच्या टोकांचे चिमटे वाकवून एकेक पट्टी आवाज न करता काढता येते. त्यामागे १२ मिलिमीटर चौकोनी गजांची, चार इंचांपेक्षा कमी अंतराची जाळी भिंतीत रोवलेली असावी. ती बाहेरून स्क्रूने लावलेली असेल तर तिचा काही उपयोग नाही. चोरीच्या भीतीने झरोके विटांनी बुजवणे मात्र चुकीचे आहे. मोटारीच्या धुरासाठी, पेट्रोलच्या वाफेसाठी आणि विजेवरच्या दुचाकीच्या चार्जिंगसाठी हवा खेळती राहणे आवश्यक आहे. छप्पर पत्र्याचे असेल तर 'पत्रा उचकटून' हा प्रकारही लक्षात घ्यावा. पत्रे धरणाऱ्या बोल्टांचे नट वरून सुटतात, म्हणून ते वेल्ड करावेत किंवा त्यांची टोके ठोकून पसरवावीत, आणि पत्र्याखाली आतून गजांची जाळी मारून घ्यावी. छताजवळ येणारी झाडाची फांदी छाटावी.

दिवे आणि कॅमेरे

रात्रभर जळणाऱ्या दिव्यापेक्षा माणूस जवळ आल्यावर लागणारा सेन्सरचा दिवा जास्त उपयोगी पडतो, कारण अचानक पडलेला उजेड चोराला दचकवतो आणि शेजाऱ्यांचे लक्ष वेधतो. असे सेन्सर शरीराची उष्णता हलताना ओळखतात आणि समोरून सरळ येणाऱ्या माणसापेक्षा आडव्या जाणाऱ्या माणसाला लवकर टिपतात; म्हणून दिवा शटरच्या अगदी वर न लावता, फाटक ते शटर या वाटेला आडवा पडेल असा बाजूच्या भिंतीवर, साधारण आठ फूट उंचीवर लावावा. वीज जाते तेव्हाच अंधाराचा फायदा घेतला जातो, म्हणून हा दिवा इन्व्हर्टरच्या लाइनवर असावा किंवा सौर असावा.

कॅमेऱ्याबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. शटर सैल आणि कोयंडा कच्चा ठेवून चार कॅमेरे लावणाऱ्याला चोरीचे चित्रीकरण मिळते, चोरी टळत नाही. आधीची कामे झाल्यावरच कॅमेरा घ्यावा. फार उंच लावलेल्या कॅमेऱ्यात फक्त डोकी आणि टोप्या दिसतात. निदान एक कॅमेरा फाटकाजवळ, येणाऱ्याचा चेहरा समोरून दिसेल अशा उंचीवर असावा. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रीकरण साठवणारी पेटी, गॅरेजमध्ये किंवा दिवाणखान्यात टीव्हीखाली ठेवू नये, कारण जाताना डीव्हीआरच उचलून नेणे ही चोरांची जुनी रीत आहे. तो माळ्यावर किंवा कुलुपाच्या कपाटात ठेवावा, राउटरसह इन्व्हर्टरवर जोडावा आणि त्याची तारीख-वेळ बरोबर आहे का हे महिन्यातून एकदा पाहावे. कॅमेऱ्याचा रोख आपल्या आवारावरच असावा. शेजाऱ्यांच्या अंगणात किंवा खिडकीत तो डोकावू नये. चोरांविरुद्ध सर्वांत मोठा आधार शेजाऱ्यांचाच असतो, त्यांना दुखावून लावलेला कॅमेरा तोट्याचा ठरतो.

आतल्या वस्तू

पहार, कुऱ्हाड, ग्राइंडर, मोठे पाने आणि शिडी यांची जागा सर्वांत आधी बदलावी. हत्यारे भिंतीत पक्क्या केलेल्या लोखंडी पेटीत कुलपाखाली असावीत आणि शिडी भिंतीवर आडवी टांगून तिच्या दोन पायऱ्यांमधून साखळी ओवून कुलूप लावावे. आमच्या घरी एवढे जरी केलेले असते तरी गॅलरीच्या दाराला हात लागला नसता.

दुचाकी गॅरेजमध्ये असली तरी तिचे हँडल लॉक करावे आणि मागच्या चाकातून जाड साखळी घालून ती जमिनीतल्या कड्याला बांधावी. दोन माणसे दुचाकी सरळ उचलून टेम्पोत ठेवतात, तेव्हा नुसते हँडल लॉक काही करू शकत नाही. सायकलींनाही हेच लागू आहे. बटण दाबून सुरू होणाऱ्या, चावी खिशातच राहणाऱ्या मोटारी असतील तर ती चावी गॅरेजला लागून असलेल्या भिंतीवरच्या खुंटीला टांगू नये. दोन यंत्रे घेऊन चोर त्या चावीचा संकेत घराबाहेरून मोटारीपर्यंत पोहोचवू शकतात. चावी घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावी आणि डबा हातात घेऊन मोटारीजवळ उभे राहून दार उघडते का ते पाहावे. उघडले तर तो डबा निरुपयोगी आहे, दुसरा घ्यावा. मूळ आरसी मोटारीत ठेवण्याचे कारण उरलेले नाही, डिजीलॉकरमधली प्रत तपासणीत ग्राह्य धरली जाते.

एका रविवारी बसून गॅरेजमधल्या प्रत्येक किमती वस्तूचा फोटो काढावा आणि सायकलीचा फ्रेम नंबर, दुचाकीचे चॅसी व इंजिन नंबर, बॅटरी आणि यंत्रांचे सिरियल नंबर व बिले एकत्र करून ती यादी ऑनलाइन साठवावी. चोरीनंतर पोलीस ठाण्यात 'निळ्या रंगाची सायकल' एवढेच सांगता येणे फार क्लेशदायक असते. मी ते अनुभवले आहे.

घर बंद ठेवून जाताना

दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत चोरटे बंद बंगल्यांची रेकी करतात. त्यांना घर रिकामे आहे हे कळते ते साध्या खुणांवरून : दाराशी साचलेले पेपर, न उचललेली दुधाची पिशवी, तीन दिवसांपासून झाडलोट न झालेले अंगण, भरदिवसा जळणारा दिवा. पेपर आणि दूध बंद करावे, शेजारच्या काकूंना अंगणात सडा-रांगोळी करण्याची विनंती करावी, आणि शेजाऱ्यांची एखादी गाडी आपल्या फाटकातल्या रिकाम्या जागेत लावायला सांगावी. आपल्या पोलीस ठाण्यात बंद घराची माहिती देऊन ठेवावी, म्हणजे गस्तीच्या वेळी लक्ष ठेवता येते. प्रवासातले फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर परत आल्यावर टाकावेत.

विमा

गॅरेजमधून मोटार गेली तर नुकसानभरपाई मिळते ती स्वतःच्या गाडीचे नुकसान धरणाऱ्या पॉलिसीतूनच. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरी येत नाही. दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही चाव्या मागते, म्हणून दुसरी चावी गॅरेजमध्ये ठेवू नये. घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेली 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी पुष्कळांनी घेतलेली असते आणि तिच्यात चोरी धरली आहे असा त्यांचा समज असतो. आग किंवा पूर यांसारख्या विमा धरलेल्या घटनेनंतर सात दिवसांत झालेल्या चोरीपुरतेच ते संरक्षण आहे. साध्या घरफोडीसाठी वेगळे कवच घ्यावे लागते. असे कवच घेताना गॅरेजमधल्या वस्तूंचा त्यात समावेश आहे का, हे लेखी विचारावे.

गॅरेज फोडलेले आढळल्यास

आत कोणी असण्याची शंका असेल तर एकट्याने शटर वर करू नये, आवाज देऊ नये, वाट अडवू नये. बाहेर सुरक्षित जागी थांबून ११२ वर फोन करावा. चोर निघून गेलेले असले तरी शटरला, कुलपाला आणि पडलेल्या हत्यारांना हात लावू नये, कारण बोटांचे ठसे तेथेच असतात. सगळे जसे आहे तसे फोटो काढून ठेवावेत.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम ३०५ मध्ये राहत्या घराबरोबरच मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतील चोरीही येते, आणि तिला सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. त्यामुळे 'गॅरेज म्हणजे काही घर नव्हे' असे कोणी म्हटले तरी तक्रार देण्यास कचरू नये. घर फोडून आत शिरण्यासाठी कलम ३३१ आहे. तक्रारीत शटर कोठे वाकवले, कोयंडा कसा तुटला हे तपशिलाने नोंदवून घ्यावे, कारण बळजबरीने प्रवेश झाल्याचा पुरावा विमा कंपनीलाही लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत त्यावर सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. कॅमेऱ्याचे चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते लगेच वेगळे काढून ठेवावे, आणि न्यायालयासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते हे तपास अधिकाऱ्यांना विचारून त्याच वेळी पूर्ण करावे.

पंचनामा झाला की वेल्डरला त्याच दिवशी बोलवावे. वाकलेले शटर 'उद्या बघू' म्हणून दोरीने बांधून ठेवू नये. आत काय आहे, काय न्यायचे राहिले आणि आतले दार कसे आहे, हे सगळे चोरांनी पाहिलेले असते आणि ते पुन्हा येऊ शकतात. संध्याकाळपर्यंत जमिनीतले कडे बसवणे शक्य नसेल तर मोटार शटरला आतून टेकेल इतकी जवळ उभी करावी, हँडब्रेक ओढावा, गिअर टाकावा, आतल्या दाराला अडसर किंवा जड कपाट लावावे आणि त्या रात्री गॅरेजचा दिवा चालू ठेवावा.